फोनवर भांडणारी बाई

भोसरीहून चाकणला जाणाऱ्या शेअर रिक्षात ती रोज स्पीकर लावून नवऱ्याशी भांडायची. "भाजीत मीठ न्हाई? मग रडा थोडं त्यात!" रिक्षाभर हशा पिकायचा, पलीकडे नवराही हसायचा. मग ती कंपनीच्या युनिफॉर्मच्या बाहीने फोन पुसायची, जणू त्यालाच घाम फुटलाय.

एकदा मी ऐटीत म्हटलं, "आमच्याकडे भांडण म्हणून होत नाही. तुम्ही एवढं बोलता, नवऱ्याची भीती नाही वाटत?"

"भ्या वाटलं असतं तर भांडले असते व्हय मी?"

ती खो खो हसली. मीही हसले आणि नवऱ्याला रोजचा फोटो पाठवला, शेजारी बाईच बसलीय हे दिसेल असा. नाही पाठवला तर तो ओरडत नाही. आठवडाभर बोलत नाही, एवढंच.