घड्यावरचा पोरगा येतोय की जातोय

त्या प्रोफेसराला मी आयुष्यात एकदाच भेटलो. तरी त्याचा-माझा व्यवहार पुरा झाला असं मी मानत नाही. त्याने माझ्याकडून जे नेलं ते नेलंच, पण जाताना जे न मागता देऊन गेला, ते मला फार महाग पडलं.

मी कुणाच्या वशिल्याने उभा राहिलो नाही. जालन्याच्या छावणीत बंगल्यांच्या मागच्या दारी रिकाम्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे मागत हिंडलो, टोपली डोक्यावर घेऊन. मग कुठे सदर बाजारामागे जुन्या सामानाचं दुकान झालं. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. साहेब लोक बदलून जायचे किंवा मरायचे, त्यांच्या सामानाचा हर्रास व्हायचा आणि मी तिथे पहिला हजर असायचो. तोंड फटकळ, राग नाकावर. पण वस्तू आणि माणूस दोन्ही ओळखायचो.

असाच एका म्हाताऱ्या मडमेच्या मरणानंतर मी तिच्या खुर्च्या उचलल्या. खुर्च्यांच्या ढिगाशेजारी एक घडा पडला होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. "हा वर द्या," मी म्हणालो. हर्रास करणाऱ्याने हात झटकला, "उठाओ, ले जाओ." फुकटात आला.

घडा आपल्याकडचा नव्हता. मान उंच, दोन बाजूंना दोन कान, गळ्याला एक तडा सांधलेला. सगळा घडा काळा, तव्यासारखा, आणि माणसं तेवढी भाजल्या मातीच्या तांबड्या रंगात सोडलेली. पुढच्या बाजूला मध्ये एक जवान पोरगा, एका हातात भाला, दुसऱ्या हातात गोल ढाल, ढालीवर नाग. त्याच्यासमोर एक बाई. तिच्या हातात सुरई आणि पसरट वाटी, आणि वाटीतून काहीतरी जमिनीवर सांडत होतं. पोराच्या मागे एक म्हातारा काठीवर भार देऊन उभा. त्यांच्या पायांखाली लुगड्याच्या काठासारखी नक्षी. घडा फिरवला की पाठीमागे तिघं चादरी पांघरून उभे. ना बोलत, ना काही करत. मी त्यांना बघे म्हणायचो. कुणाच्याही दारात काही घडलं की असे तिघं जमतातच.

तो घडा मी दुकानाच्या फळीवर ठेवला, आणि आठवडाभरात माझा मुलगा घर सोडून गेला.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष होतं. सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचे तळ पडले होते. तिथून रात्री-अपरात्री अलीकडे यायचं, जकातनाकी जाळायची, परत जायचं. पोरगा मला म्हणाला, "आबा, तुमी निजामाच्याच लोकायला खुर्च्या विकून राह्यले." मी म्हणालो, "त्याच खुर्च्यांवर तू लहानाचा मोठा झाला." शब्दाला शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण रिकामं होतं.

त्याच्या आईला त्याच्या जाण्याचं दुःख होतंच, पण एक गोष्ट तिला त्याहून जास्त सलत होती. आमच्याकडे माणूस गावाला निघाला की घरची बाई त्याच्या हातावर दही घालते. ते चाटून तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो. पोरगा दही न घेता गेला.

"हातावर दही न्हाई घातलं मी," ती भाकरी थापताना म्हणायची. "कसा काय येईल तो माघारी?"

मी म्हणायचो, "दह्याने गोळी अडत नाही." आणि मग माझं मलाच वाईट वाटायचं, आणि त्या वाईट वाटण्याचा राग मी एखाद्या गिऱ्हाइकावर काढायचो.

एकदा शेजारचे पोथीवाले काका खुर्ची दुरुस्तीला घेऊन आले. देवळात ते चातुर्मासात पोथी सांगत. फळीवरचा घडा त्यांनी बोटाने फिरवला आणि लगेच अर्थ सांगून मोकळे झाले. "अरे, हा अभिमन्यू. ही उत्तरा त्याला निरोप देतीय. मागं धर्मराज, म्हातारा काढलाय उगीच. चक्रव्यूहात चाललाय बिचारा."

पडदा हलला. ती आत उभी राहून ऐकत होती.

"काका," मी म्हणालो, "खुर्ची घ्या आणि निघा."

"दुरुस्ती?"

"मोडकीवरच बसा."

काका गेले. ती बाहेर आली, घडा दोन्ही कानांना धरून खाली घेतला आणि उंबऱ्याजवळ उजेडात बसून पदराने पुसू लागली. खूप वेळ बघत होती. मग म्हणाली, "काकाला काय कळतंय. आवो, हे पोरगं जाऊन न्हाई राह्यलं. येऊन राह्यलंय."

"कशावरून?"

"बाई पाणी वतीतीय की. जाणाऱ्याच्या पायावर कुणी पाणी वततं का? जाणाऱ्याला दही. पाणी येणाऱ्याला."

मी बघितलं. तिचं म्हणणं बरोबर होतं. लांबून माणूस घरी आला की दारातच थांबवून त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मग त्याला आत घ्यायचं. बाईच्या वाटीतलं पाणी त्या पोराच्या पायापाशीच पडत होतं.

"वाटीत भाकरतुकडा असंल," ती म्हणाली. "दिसत न्हाई इतकंच."

त्या दिवशी घडा फळीवरून घरात गेला, दाराजवळच्या कोनाड्यात. आणि ती रोज संध्याकाळी उंबऱ्याच्या आत पाण्याचा तांब्या भरून ठेवू लागली, त्यावर ताटलीत भाकरीचा तुकडा. सकाळी तुकडा गाईला, पाणी तुळशीला. पाठीवर बाक आलेली बाई ताठ चालू लागली. जेवू लागली. मी त्या घड्याचा फार आभारी होतो, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मग तो प्रोफेसर आला.

गावातल्या एका वकिलाचा जावई. विलायतेत शिकून आलेला, कुठल्याशा कॉलेजात इतिहास शिकवायचा, सुट्टीत सासुरवाडीला आला होता. आमच्या घड्याची गोष्ट पोथीवाल्या काकांनीच गावभर केली असणार. तो आला तेव्हा ती कुंडलिका नदीवर धुणं घेऊन गेली होती. त्याने आधी बाकाची किंमत विचारली. मग आरशाची. ज्याला वस्तू हवी असते तो आधी दोन नको असलेल्या वस्तू विचारतो, हे मला माझ्या धंद्याने शिकवलं होतं. पडद्याची एक बाजू वर खोचलेली होती. त्याची नजर कोनाड्यावर गेली आणि बोलणं मध्येच तुटलं.

"ते विकायचं नाही," मी म्हणालो.

"बघू तरी द्या."

त्याने घडा हातात घेतला तो तान्हं मूल घेतल्यासारखा. ग्रीस नावाच्या देशातला आहे म्हणाला, आपल्या देवळांहूनही जुना. ह्या मडमेच्या घराण्यातल्या कुणीतरी तिकडून आणला असेल.

मी विचारलं, "पोरगा येतोय की जातोय?"

तो हसला. "हाच तर प्रश्न आहे. अशी चित्रं पुष्कळ घड्यांवर असतात. योद्धा, बाई, म्हातारा बाप. निघतानाही देवाच्या नावाने जमिनीवर दारू ओतायची, परतल्यावरही ओतायची. बऱ्याचदा सांगता येत नाही."

"पाणी नाही?"

"दारू. देवाला दिलेली." त्याने घडा उजेडाकडे धरला. "पण इथे बघा. तोंड बाईकडे आहे आणि पाय बाहेरच्या बाजूला वळलेत. ढाल उचलून धरली आहे, टेकवलेली नाही. हा जातोय. आणि मला वाटतं हा साधा पोरगा नाही, त्यांच्या पुराणातला एक राजपुत्र आहे. वेढा पडलेल्या शहराचा. वेशीबाहेर लढायला जातो आणि तिथेच मरतो." थोडं थांबून त्याने आणखी सांगितलं, "असे घडे ते लोक मेलेल्या माणसाशेजारी थडग्यात ठेवत. म्हणून तर इतके शाबूत मिळतात."

थडग्यातली वस्तू मी कोनाड्यात ठेवली होती, तिच्याशेजारी बायको रोज दिवा लावत होती.

मी सौदा करणारा माणूस. ज्या गोष्टीला दुसरा हात लावायला भितो, तिचाही मी भाव करतो. मी म्हणालो, "प्रोफेसरसाहेब, घडा तुमचा. पैसा नको. माझी बायको आता येईल. तिला सांगायचं, पोरगा परत येतोय."

"पण..."

"तुम्हीच म्हणालात ना, सांगता येत नाही?"

घडा त्याने हातातून सोडला नाही. तेवढ्यावर मी ओळखलं, सौदा झाला.

तिचा पाय वाजेपर्यंत तो त्या राजपुत्राची पुढची गोष्ट सांगत राहिला. कुणी विचारली नव्हती. शत्रूने मेलेल्या पोराचं प्रेत दिलं नाही. तेव्हा हा काठीवाला म्हातारा बाप गाडीत उंची वस्त्रं, सोनं, भांडी भरून थेट शत्रूच्या तंबूत गेला. ज्या हातांनी पोरगा मारला त्या हातांचं चुंबन घेतलं. माल दिला आणि प्रेत सोडवून आणलं. त्या राजाचं नाव त्याने सांगितलं. माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही.

ती आली. ओलं धुणं खांद्यावर. मी म्हणालो, "हे विलायतेत शिकलेत. विचार यांना."

प्रोफेसराने घसा साफ केला. "बाई, तुमचं बरोबर आहे. हा मुलगा घरी परततोय."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझ्या सौद्याचा अभिमान वाटला. "बघा," ती मला म्हणाली. मग त्याला, "भाऊ, च्या घेता का? मागल्या बाजूचे हे तिघं कोण, सांगा की. शेजारी असतील ना, पोरगं आलं म्हणून बघाया आल्ते?"

"असतील," तो म्हणाला, आणि आपलं उपरणं घड्याभोवती गुंडाळू लागला.

ती थांबली. "घडा कुठं चालला?"

"दिला त्यांना," मी म्हणालो.

"केवढ्याला?"

"असाच."

"असाच?" तिने माझ्याकडे बघितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मी कुणाला खिळाही असाच दिला नव्हता. "तुमी?"

"अगं, विद्वान माणूस..."

"येणाऱ्या पोराचं चित्र कुणी घराबाहेर काढतं का?" ती हळू आवाजात म्हणाली. मग प्रोफेसराला विचारलं, "भाऊ, काय कबूल केलं ह्यायनं तुमच्याकडून?"

प्रोफेसर घडा काखेत घेऊन बाहेर पडला. निदान खोटं पुरतं तरी वठवायचं! घेतलेल्या मालाचा मोबदला नीट द्यायला नको? मी तिच्यावर ओरडलो, त्याच्या नावाने ओरडलो, बाकावर लाथ मारली. ती धुणं वाळत घालत राहिली. त्या संध्याकाळी उंबऱ्याआड तांब्या नव्हता. पुढेही कधी दिसला नाही.

पावसाळा सरता सरता सरहद्दीपलीकडून पलटणी आल्या, निजामाचं राज्य गेलं. तळांवरची पोरं घरी परतू लागली. आमच्या गल्लीत दोन दारांत भाकरतुकडा ओवाळला गेला. आमचा पोरगा ज्यांच्याबरोबर होता त्यांतला एक म्हणाला, नाक्यावरून परतताना तो मागे राहिला. एवढंच. मेला असं त्याने सांगितलं नाही, धरला असंही नाही.

तेव्हा मला तो काठीवाला म्हातारा आठवला. मी एक बैलगाडी केली. तीत तांब्याची भांडी भरली, एक चांगलं घड्याळ, मखमली गालिचा, मडमेची चांदीची थाळी. ज्याच्याकडे माझा पोरगा असेल, जिवंत किंवा मेलेला, त्याला काय लागेल ते देणार होतो. पाया पडावं लागलं तर तेही करणार होतो, आणि मी आयुष्यात कुणाच्या पाया पडलेलो नाही.

गाडी जुंपली तेव्हा ती दारात आली. काही विचारलं नाही. माझ्या तळहातावर दही घातलं.

मी सरहद्दीकडची गावं धुंडाळली. नाक्याची जळकी भिंत होती, शिपाई नव्हते. जे होते ते पळाले होते, जे पळाले नव्हते ते म्हणत, आम्ही नव्हतोच. एका ओढ्याकाठी काही पोरं पुरली म्हणून ऐकलं. ओढ्याला त्या साली पूर आला होता. एका गावात पाटलाला मी गाडीवरची ताडपत्री वर करून माल दाखवला. तो म्हणाला, "मामा, हे कुणाला देता?" खरंच, कुणाला? त्या राजासमोर निदान शत्रू तरी बसला होता. त्याच्याशी भाव करता येत होता. माझ्यासमोर कोणीच नव्हतं. भरलेली गाडी मी भरलेलीच हाकत परत आणली.

प्रोफेसराने ती गोष्ट सांगितली नसती तर मी गेलोच नसतो, आणि पोरगा कुठेतरी असेल असं म्हणत तरी राहिलो असतो.

घरापाशी गाडी थांबली. ती दारात उभी होती, एका हातात तांब्या, एका हातात भाकरीचा तुकडा. तिने गाडीत वाकून बघितलं. भांडी, घड्याळ, गालिचा, थाळी, सगळं जागच्या जागी. मग ती माझ्यासमोर आली आणि तुकडा माझ्यावरून ओवाळू लागली.

मी भडकलो. "हे माझ्यावर कशाला?"

"मंग कुणावर?" ती म्हणाली. "दुसरं कोण आलंय?"

तुकडा तिने डाव्या बाजूला टाकला आणि तांब्यातलं सगळं पाणी माझ्या पायांवर ओतलं.