दुखणं आधी, भाषण नंतर

आमच्या कारखान्याच्या फुटबॉल संघाची वही अजून माझ्या कपाटात आहे. त्यातल्या एका पानावर अकरा नावं आहेत, अकराही नावांपुढं ‘ठीक’ अशी खूण आहे आणि खाली माझी सही आहे. त्यातली एक खूण खोटी होती. ती करताना मला ते माहीत होतं.

कारखाना पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडं. मी तिथं स्टोअर सांभाळतो. कुठला वॉशर कुठल्या कप्प्यात आणि किती, हे मला विचारायला लागत नाही, म्हणून संघाचा मॅनेजरही मलाच केलं. ओळखपत्रं, जर्सी, पाणी, बर्फ, पट्ट्या, बस ही सगळी कामं माझी. फुटबॉल मला फारसा कळत नाही. एका संघाला मैदानापर्यंत नीट कसं न्यायचं, ते कळतं.

प्रशिक्षक म्हणजे शहरातल्या एका शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणायचे. बुटके, पांढरी दाढी, आवाज इतका हळू की ऐकायला पोरांना जवळ सरकावं लागायचं. त्यांच्या भाषणाची ताकद मी पहिल्यांदा एका साध्या साखळी सामन्यात पाहिली. आमचा गोलकीपर, जो स्वतःच्या लग्नातही लोकांची टिंगल करत होता, तो सरांचं चार मिनिटं ऐकून बाजूला गेला आणि जर्सीच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. सामना जिंकलो. दुसऱ्या दिवशी कळलं की आमचा एक खेळाडू मुरगळलेल्या घोट्यावर पूर्ण वेळ पळाला होता. त्याला दोन महिने कामावर लंगडत यावं लागलं.

त्यावर सरांनीच मला बोलावून घेतलं.

“मॅनेजरसाब, मी बोलायला लागलो की मग कोई सच नहीं बोलता. दुखणं तुम्ही आधी विचारून घ्या.”

तेव्हापासून आमची पद्धत पक्की झाली. सगळ्यांनी गोल करून बसायचं. मी एकेकाला विचारायचं. त्यानं ‘ठीक’ म्हणायचं किंवा काय दुखतंय ते सांगायचं. मी लिहायचं. वही सरांच्या हातात द्यायची. सर ती वाचून एखाद्याला गुपचूप बाहेर बसवायचे, आणि मगच बोलायला उभे राहायचे. तीन वर्षं हा क्रम एकदाही मोडला नाही.

अंतिम सामना एप्रिलात होता, वाळूजच्या एका कारखान्याशी, छावणीकडच्या मैदानावर, दुपारी चारला. आमची बस अडीचला निघाली. ऊन असं होतं की खिडकीच्या पट्टीला हात लावता येत नव्हता. माझ्या शेजारी मामा बसला होता. मामा म्हणजे आमचा डाव्या बाजूचा बचावपटू. मूळचा सोयगावकडचा, कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. वय एक्केचाळीस, संघात सगळ्यांत थोरला, म्हणून मामा.

“सायेब, पोटाची गोळी हाय का तुमच्या पेटीत? लई जळजळ व्हायलीय सकाळपासून.”

मी गोळी दिली. वेळ बघून वहीच्या मागच्या पानावर लिहिलं: मामा, ॲसिडिटी, गोळी एक, दोन पन्नास.

थोड्या वेळानं तो जबडा चोळायला लागला.

“आता काय झालं?”

“दाढ असंल. खालची. कालपासून ठणकतीय.”

तेही लिहिलं. वेगळ्या ओळीवर. पोटाचं एक, दाताचं एक. मागच्या बाकावरून गोलकीपर ओरडला, “मामू, पोट खराब, दात खराब, अब बचा क्या? नुसती जर्सी खेळवायची का?”

“तुझ्यापेक्षा जर्सी बरी खेळंल,” मामा म्हणाला. सगळे हसले. मामा हसताना मान वळवत नव्हता. त्याच्या कपाळावर घाम होता, पण घाम बसमधल्या प्रत्येकाच्या कपाळावर होता. फरक इतकाच की बाकीच्यांचा घाम खिडकीच्या वाऱ्यानं वाळत होता. त्याचा वाळत नव्हता. मला ते दिसलं. विचारायची वेळ येईल तेव्हा सरांच्या कानावर घालू, असं मी ठरवलं.

रस्त्याचं काम चालू होतं. एका बाजूची वाहतूक थांबवलेली. बस पाऊण तास एका जागी उभी राहिली. मैदानावर पोचलो तेव्हा चारला बारा मिनिटं होती आणि आयोजकांच्या टेबलावरून आमच्या नावाचा पुकारा चालू होता. ओळखपत्रं पाच मिनिटांत जमा नाही झाली तर समोरच्यांना सामना बहाल, असं माइकवर सांगत होते.

मी ओळखपत्रांची पिशवी उचलली आणि पळता पळता सरांना म्हणालो, “सर, तुम्ही सुरू करा. दुखणं मी आल्यावर विचारतो.”

सर थबकले. माझ्याकडं बघितलं. “बाद में?”

“वेळ नाही, सर.”

तीन वर्षांत मीच पहिल्यांदा क्रम उलटा केला.

परत आलो तेव्हा सर बोलत होते. लिंबाच्या झाडाखाली अकरा जण आणि बदली खेळाडू त्यांच्याभोवती दाटीनं उभे होते. मी मागं उभा राहिलो.

“आठ तास मशीनपुढं उभे राहता. कुणी टाळी वाजवली कधी? माल गाडीत भरला, गाडी गेली. कुणी बनवला, कोण विचारतं? आज सत्तर मिनिटं लोक तुमच्याकडं बघणार आहेत. ही सत्तर मिनिटं कंपनीची नाहीत. माझी नाहीत. तुमची आहेत. ये किसीको नक्को देव.”

कुणी हलत नव्हतं. गोलकीपरचं तोंड अर्धवट उघडं होतं. मग सर दोन पावलं चालत मामासमोर जाऊन उभे राहिले.

“हा माणूस अकरा वर्षं डाव्या बाजूला उभा आहे. गोल एक नाही. फोटोत कधी मधे नाही. आज वारा कसा वाहील, मला माहीत नाही. पंच कुठं शिट्टी वाजवील, माहीत नाही. पण डाव्या बाजूनं कुणी आत येणार नाही, एवढं मला माहीत आहे. मी तिकडं बघणारसुद्धा नाही.”

आणि त्यांनी खरोखरच मामाकडं पाठ केली. तसेच उभे राहिले. मामा ताठ झाला. त्याच्या गळ्याची शीर मला दुरून दिसत होती. आवाज नव्हता, घोषणा नव्हती, पण अकराही माणसं क्षणात वेगळी झाली होती.

मी वही उघडली. “कुणाला काही दुखणं?”

“ठीक!” एकाच वेळी. घोषणेसारखं.

“एकेकानं सांगा.”

“मॅनेजरसाब, अब क्या डॉक्टरी करते?” गोलकीपर म्हणाला. “चला की!”

मी एकेकाचं नाव घेत गेलो. ठीक. ठीक. ठीक. मामाच्या नावाशी पेन थांबलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून.

“ठीक हाय, सायेब.”

मागच्या पानावर दोन ओळी होत्या. पान उलटून सरांना दाखवायला दोन सेकंद लागले असते. मी खूण केली, सही केली. सरांनी वही मागितली नाही. पंचांची शिट्टी झाली होती.

पहिल्या अर्ध्यात मी चेंडू बघितलाच नाही, फक्त मामाकडं बघत होतो. सर बाकाच्या टोकाला उभे होते आणि शब्द पाळत होते. त्यांनी एकदाही डावीकडं मान वळवली नाही. म्हणजे त्या मैदानावर मामाकडं बघणारा मी एकटा होतो. समोरच्यांचा उजवा खेळाडू वीस-बावीस वर्षांचा, हरणासारखा. तो प्रत्येक वेळी मामाच्या अंगावर यायचा आणि मामा प्रत्येक वेळी त्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. टाळ्यांनंतर मामा वाकून गुडघ्यांवर हात ठेवायचा. आधी दोन श्वास. मग पाच. मग मी मोजायचं सोडलं.

मध्यंतराला बर्फाच्या कापडाचं निमित्त करून त्याच्याजवळ गेलो.

“दाढ?”

“बसली.”

“बदली करतो. पोरगं तयार आहे.”

त्यानं माझं मनगट धरलं. एवढ्या उन्हात हात थंडगार होता.

“सायेब, सरांनी सगळ्यांम्होरं माझं सांगितलं. आता बसू व्हय? सरांला बोलू नका. तुम्हाला माझ्या लेकराची आण.”

मी आण वगैरे मानणारा माणूस नाही. तरी तिच्या आडोशाला उभा राहिलो. खरं कारण वेगळं होतं. सांगायला गेलो असतो तर सरांनी आधी विचारलं असतं, तुम्हाला कधी कळलं?

दुसऱ्या अर्ध्यात आम्ही कोपऱ्यावरून एक गोल केला आणि तो टिकवला. डाव्या बाजूनं कुणी आत आलं नाही. शेवटची शिट्टी झाली तसे सगळे गोलकीपरकडं धावले, त्याला खांद्यावर घेतलं. मामा जागच्या जागी रेषेवर बसला. बूट काढले, शेजारी शेजारी नीट ठेवले. मी पोचलो तेव्हा तो म्हणाला, “पाणी.” मी बाटलीचं झाकण उघडेपर्यंत तो आडवा झाला होता.

आयोजकांच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रात्री सांगितलं, वाचला, पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला. पोटाची जळजळ, जबडा, घाम, सगळं एकच दुखणं होतं. दुपारी दोन-तीन वाजता आणलं असतं तर एवढं नुकसान झालं नसतं, असंही म्हणाले. मामाची बायको माझ्यासमोर हात जोडून उभी राहिली. “भाऊ, तुमी व्हते म्हणून गाडी वेळंवर भेटली.” मी म्हणालो, बसा वहिनी.

सर कॉरिडॉरमधल्या बाकावर बसले होते. “मी केलं हे,” एवढंच म्हणाले. “मेरे बोलने से हुआ.” वही माझ्या खांद्याच्या पिशवीत होती. मी सरांना चहा आणून दिला.

पुढच्या सामन्याला सर आले, पण बोलले नाहीत. मी दुखणं विचारलं, वही दिली, त्यांनी वाचली आणि म्हणाले, “चला.” पोरं गेली आणि चार गोलांनी हरून आली. गोलकीपरनं एकही टोमणा मारला नाही. त्याच्या पुढच्या सामन्याला सर आलेच नाहीत. निरोप आला, तब्येत बरी नाही.

मामा चितेगावला घरी आला होता. फोर्कलिफ्ट बंद, जिना बंद, जड उचलणं बंद. मी दर रविवारी फळं घेऊन जायचो. दर रविवारी वहिनी तेच म्हणायच्या आणि आल्यागेल्यालाही सांगायच्या, ह्या भाऊंनी वाचवलं. पाचव्या रविवारी मी चितेगावला न जाता वही घेऊन औरंगपुऱ्यात सरांच्या घरी गेलो.

दुकानांच्या वर दोन खोल्या. सरांनी दार उघडलं, बसायला सांगितलं. मी मागचं पान उघडून पुढं केलं. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं. मग पान उलटून अकरा खुणा बघितल्या.

“दोन पन्नासला माहीत होतं.”

“हो, सर.”

“मैं बोला उसके पहले.”

“हो.”

ते चिडतील असं मला वाटलं होतं. खरं तर चिडावेत, अशी इच्छा होती. ते उठले आणि कोपऱ्यातले बूट घालायला लागले.

“त्याच्या घरवालीला सांगितलं?”

“नाही.”

“तो फिर यहाँ कायकू आये?” ते नाड्या बांधत म्हणाले. “चला. मी येतो बरोबर. बोलायचं तुम्ही.”

माझ्या स्कूटरवर मागं बसून ते चितेगावपर्यंत आले. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. आम्हाला बघून पदर सावरत उठल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं, बसमधली गोळी, जबडा, खूण, मध्यंतर. काही वगळलं नाही. सर माझ्या शेजारी खाली मान घालून उभे होते.

वहिनींनी सगळं ऐकलं. ताट बाजूला ठेवलं.

“तुमच्या वहीत घरचा नंबर असतो ना सगळ्यांच्या?”

“असतो.”

“माझा व्हता?”

“होता.”

“मंग मला फोन का नाय केला? मी ह्यांला बसमधून उतरवून घेतलं असतं. सामना गेला चुलीत.”

आतल्या खोलीत खाट करकरली आणि मामाचा आवाज आला, पूर्वीपेक्षा बारीक.

“कोण आलंय गं?”

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या.

“कुणी नाय,” त्या म्हणाल्या. “तुमी पडा.”