शुद्ध करून दे

वहिनीसाहेब माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. पायापासून डोक्यापर्यंत मला बघितलं आणि बरोबर आलेल्या बाईला म्हणाल्या, "ही व्हय? छ्या! आमच्या ह्यांची आवड एवढी खाली गेली न्हाय अजून."

सोमवार होता. साहेबांचं संपर्क कार्यालय भरलेलं होतं. साहेब म्हणजे आमदार, वहिनीसाहेब त्यांच्या पत्नी. बाकावर चंदगडकडची सात-आठ माणसं रस्त्याचं निवेदन घेऊन बसली होती. दारात कार्यकर्ते. आधी एकजण हसला, मग सगळेच हसले. ऑफिस सांभाळणारे बापूसुद्धा हसले. चंदगडची माणसं तेवढी हसली नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या. मला ते जास्त लागलं.

आणि सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. चला, त्यांना पटलं, ती मी नाही. दोन मिनिटं मी त्या आनंदात होते. त्यांच्या गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला आणि मग डोक्यात शिरलं, ही बाई मला निर्दोष म्हणाली नाही. नवऱ्यानं शिवावं एवढीसुद्धा माझी लायकी नाही, असं म्हणाली. तीस माणसांसमोर. आणि मी मनातल्या मनात तिचे आभार मानत बसले होते.

आम्ही कोडोलीचे. बौद्ध. वडील नाहीत, आई लोकांच्या शेतात जाते. मी बी.ए. मराठी, टायपिंगच्या दोन्ही परीक्षा. तीन वर्षांपूर्वी बापूंनी मला कामावर घेतलं, तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले होते. शिफारसपत्रं, निवेदनांची उत्तरं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली, सगळं माझ्या हाताखालून जायचं. बापूंचं बोलणं तिखट, लिहिणं मात्र अगदी कच्चं. ते फोनवर काहीतरी खरडायचे, मला पाठवायचे आणि खाली एकच वाक्य असायचं, "शुद्ध करून दे." दिवसातून दहा-दहा वेळा. ज्या घरांत आमच्या आजीच्या हातचं पाणी चाललं नाही, त्या घरांचा मजकूर माझ्या हातून शुद्ध होऊन बाहेर पडायचा. मला त्याची ऐट होती. खोटं कशाला बोलू!

त्या ऑफिसात माणूस टिकत नसे. तीन वर्षांत सात जण गेले. दोन पी.ए., एक ड्रायव्हर, फोन घेणाऱ्या दोघी, सोशल मीडियावाला, शिपाई. कुणी साहेबांच्या घरातलं काही बघितलं, कुणी ऐकलं, कुणाला नको तिथं गाडी न्यावी लागली. जाणाऱ्याचा अर्ज मी टाईप करायची. मजकूर ठरलेला. "मी घरगुती कारणास्तव, स्वखुशीने काम सोडत आहे. माझी कोणाबद्दलही तक्रार नाही." कॉम्प्युटरवर मी त्याची फाईलच करून ठेवली होती. नाव आणि तारीख बदलली की झालं.

माणूस गेला की आठवड्याभरात बापू म्हणायचे, "एक पुडी सोडूया." ड्रायव्हर दारू पितो. पी.ए.नं बदल्यांत हात मारला. हे सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जायचं, तिथून चहाच्या गाड्यांवर, तिथून गावोगाव. गेलेल्या माणसानं नंतर साहेबांबद्दल काही सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवायचं नाही. काढला ना त्याला, म्हणून बोलतोय. एवढीच त्यातली गोम होती, आणि ती पुडीही माझ्याकडून शुद्ध होऊन जायची.

राजश्री गडहिंग्लजची. माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, फोन घ्यायची, मला अक्का म्हणायची. एका दुपारी साहेबांच्या केबिनमधून बाहेर आली ती चप्पल घालून थेट एसटी स्टँडवर गेली. दुसऱ्या दिवशी तिचा अर्ज मी टाईप केला, सहीला बापूंनी माणूस पाठवला. तिच्यावरच्या पुडीत बापूंनी "चारीत्र्य" लिहिलं होतं. मी ती वेलांटी ऱ्हस्व केली आणि परत पाठवलं. काय झालं होतं ते मी तिला विचारलं नाही. उलट तिची खुर्ची मागं सारली आणि माझं टेबल खिडकीकडं ओढून घेतलं.

आता निवडणूक तोंडावर आली होती. साहेबांचं बाहेर काहीतरी आहे, शहरात एक फ्लॅट आहे, अशी कुजबुज चहाच्या गाड्यांवरून वहिनीसाहेबांच्या कानापर्यंत गेली होती. विरोधक तर टपूनच होते. खरं काय, मला माहीत नाही. ऑफिसात सगळे कमी आवाजात बोलायला लागले. मी आत गेले की बोलणं थांबायचं. बापू मला "जेवलीस का?" असं विचारायला लागले. तीन वर्षांत त्यांनी ते कधी विचारलं नव्हतं. मला भीती वाटायला लागली, पण कशाची ते सांगता येईना.

वहिनीसाहेब यायच्या आदल्या गुरुवारी माझ्या फोनवर बापूंचा मेसेज आला. सवयीप्रमाणे उघडला.

"ऑफीसातली टायपीस्ट बाई साहेबानी दया करून ठेवली. तीच गळ्यात पडली. समाजाची असल्याने कोणी बोलत नाही. आता साहेबानीच तिला काढायचे ठरवले आहे." आणि खाली, "शुद्ध करून दे."

वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं, तर "साहेबांनी"वर अनुस्वार नाही. देवाशपथ नाही म्हणत, आईची शपथ घेऊन सांगते. माझं बोट दुरुस्तीला गेलंसुद्धा. मग "टायपीस्ट बाई" म्हणजे कोण हे कळलं. फ्लॅटची कुजबुज माझ्यावर ढकलायची होती. तेवढ्यात बापूंच्या लक्षात आलं असावं, कारण मेसेज पुसला गेला. बापू समोरच्याच खोलीत होते. ते बाहेर आले नाहीत, मीही आत गेले नाही. चार दिवस मी गप्प राहिले. नोकरी जाईल म्हणून.

सोमवारी वहिनीसाहेब गेल्यावर बापूंनी मला आत बोलावलं.

"त्येंचं मनावर घिऊ नको. सोभाव हाय त्येंचा. पर आता तुला हितं ठिवणं बरं दिसत न्हाय. तुझा अर्ज तूच टाईप कर. फाईल हाय की."

"बापू, तो मेसेज मी वाचलाय."

"कुठला?"

"पाठवून पुसला तो. शुद्ध करायला दिलतासा की."

बापू खुर्चीत जरा मागं टेकले. "चुकून आला आसंल. हे बघ, तू घरातली हाईस म्हणून सांगतो..."

"घरातली हाय तर मगाशी हसलासा का?"

बापूंनी टेबलावरचा फोन पालथा घातला. मी म्हणाले, "मी अर्ज लिवणार न्हाय. काढायचं आसंल तर तुम्ही लिवा. तुमच्या हातानं. साहेबांची सही घ्या, कारण लिवा आन मला द्या."

"कारण काय लिवू?"

"त्या मेसेजात काय लिवलंय, तेच लिवा."

बापूंनी उठून दार लोटलं. मग अगदी हळू म्हणाले, "कोडोलीत घर हाय न्हवं तुमचं? आई एकटीच असती की दिवसभर."

मी बाहेर आले आणि ऑफिस बंद होईपर्यंत खुर्चीत बसून राहिले. कागद आला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललेला होता. तिसऱ्या दिवशी माझं टेबलच तिथं नव्हतं. मेसेज मात्र गेला होता. माझी एसटी कोडोलीत पोचायच्या आधी तो पोचला होता. "साहेबांनी"वरचा अनुस्वार तसाच, राहिलेला.

शनिवारी भर दुपारी मोटारसायकलवरून दोन माणसं घरी आली. मी दुसरं काम शोधायला शहरात गेले होते. आईनं "बसा की पावणं" म्हणून त्यांना पाणी दिलं. ते प्याले. एकजण म्हणाला, "पोरीच्या लग्नाचं बघा आता मावशी. बाहेर काय काय बोलत्यात लोकं. आमाला काळजी वाटली." दुसरा भिंतीवरचे फोटो बघत होता. जाताना त्यानं विचारलं, "कुठल्या एसटीनं येती ओ ती?" आईनं सांगून टाकलं. साधेपणानं. मी घरी आल्यावर तिनं ते सांगितलं, आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं की आपण काय सांगून बसलो. तिनं पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली, "खरं काय हाय पोरी?"

"काय न्हाय आई."

"मला ठावं हाय. तरी इचारावं लागलं, ह्येचा राग यतोय मला."

त्याच आठवड्यात विरोधी बाजूच्या एका माणसाचा फोन आला. आवाज फार गोड. "ताई, तुमच्यावर अन्याय झालाय. साहेबांच्या त्या फ्लॅटचं काय ते फक्त सांगा, पुढचं आमी बघतो." मी विचारलं, माझ्यावर जे लिहिलं त्याचं काय करणार? म्हणाला, "त्ये बी वापरू की." वापरू! मी फोन ठेवला. ह्यांनाही पुडीच पाहिजे होती. माझी अब्रू एका हातातून दुसऱ्या हातात जाणार, एवढाच फरक.

काल मी गडहिंग्लजला गेले. राजश्रीचं घर विचारत विचारत शोधलं. मला दारात बघून ती म्हणाली, "अक्का, तुमी?" मी उंबऱ्याच्या बाहेर उभं राहूनच सांगितलं, "तुझ्यावरचा मेसेज बापूंनी लिवला. शुद्ध मी करून दिला."

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "माझं ठरल्यालं लग्न मोडलं त्येच्यावर. खोटं हाय, ह्ये ठावं हुतं तुमास्नी?"

"मी इचारलंच न्हाय कुणाला."

ती रडली नाही. मला आत बोलावलं नाही, पाणीही दिलं नाही. केबिनमध्ये त्या दुपारी काय झालं ते तिनं दारातच उभं राहून मला सांगितलं, पहिल्यांदा. ते तिचं आहे, मी इथं लिहिणार नाही. शेवटी म्हणाली, "मी माफ करणार न्हाय तुमाला."

"नको करूस."

"पर पोलिसांत जबाब देणार आसला तर मी यतो."

उद्या सकाळी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जाणार आहोत. तिथं आम्हाला बसवून ठेवतील, उद्या या म्हणतील, बापूंना फोन करतील, सगळं माहीत आहे. मोटारसायकल आज दोनदा गल्लीतून गेली. तरी जाणार. साहेबांच्या घरात काय चालतं, हे कुणी विचारलं तर सांगेन, मला माहीत नाही. मी बघितलं नाही ते माझ्या तोंडून निघणार नाही. माझ्यावर काय लिहिलं ते सांगेन, आणि मी राजश्रीवरचं काय नीट करून दिलं तेही सांगेन. त्यात मीही आरोपी होईन, असं ओळखीचा वकील म्हणाला. होऊ दे. जबाब मी माझ्या अक्षरात लिहून नेणार आहे आणि खाली पूर्ण नाव घालणार आहे, आडनावासकट, म्हणजे ही कुठल्या समाजाची, हे कुणाला कुजबुजत विचारावं लागणार नाही.