जगदचं नाव जड नव्हतं

बू विगातींना, म्हणजे आमच्या विगातीबाईंना, तोंडावर 'नाही' म्हणता येतं. आमच्या क्लातेनमध्ये असं दुसरं माणूस शोधून सापडायचं नाही. आम्ही जावाची माणसं मान हलवतो, गोड हसतो, 'हो हो' म्हणतो आणि घरी जाऊन आपल्याला हवं तेच करतो. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. बू विगाती याला पळपुटेपणा म्हणतात, आणि तेही भर बैठकीत, वरिष्ठांसमोर, हातातला चहाचा ग्लाससुद्धा खाली न ठेवता.

मुलांच्या उपचार केंद्रात आमची दोघींची खोली एकच, मध्ये फक्त एक पडदा. अलीकडे मी मुलांच्या हातापायांना व्यायाम देते. पलीकडे त्या मानसशास्त्रज्ञ म्हणून बसतात. डोक्याला मार लागलेली मुलं आधी माझ्याकडे येतात आणि मग त्यांच्याकडे जातात. कुणी मोटरसायकलवरून पडलेलं, कुणी नारळाच्या झाडावरून. माझं काम डोळ्यांना दिसतं. मूल उभं राहिलं, चार पावलं चाललं की आईबाप माझ्या पाया पडायला येतात. त्यांचं काम कुणाला दिसत नाही. चालणारं-बोलणारं मूल, अंगावर एक व्रण नाही, पण डोक्यात काही टिकत नाही, क्षणात चिडतं, क्षणात रडतं. मग लोक त्याला लाडावलेलं म्हणतात, आळशी म्हणतात, झपाटलेलं म्हणतात. बू विगातींचं निम्मं आयुष्य या तीन शब्दांशी भांडण्यात गेलं आहे.

एकदा एका मुख्याध्यापकांनी अशा एका मुलीला वर्गात घ्यायला नकार दिला. ती प्रार्थनेच्या वेळी हसते म्हणे. बू विगाती डबा घेऊन त्यांच्या कचेरीत जाऊन बसल्या. दुपारी तिथेच जेवल्या, त्यांनाही तळलेलं तेम्पे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, वाढलं आणि म्हणाल्या, "खा सर, मला घाई नाही. माझी पोरगी वर्गात बसली की मी उठेन." मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात बसली. मुख्याध्यापक अजूनही बू विगातींना रस्त्यात पाहिलं की गल्ली बदलतात.

त्यांचा एक नियम आहे आणि तो मोडणाऱ्याची धडगत नाही. मुलाला प्रश्न विचारायचा नाही. 'हे काय आहे, ओळख बरं' असं म्हणायचंच नाही. चमचा हातात द्यायचा आणि आपणच सांगायचं, 'हा चमचा. म्हण, चमचा.' कारण अशा मुलाने अंदाजाने 'काटा' म्हटलं तर तो काटाच डोक्यात रुतून बसतो. चूक टिकते, दुरुस्ती टिकत नाही. म्हणून चूक होऊच द्यायची नाही. आमच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने एकदा लाडाने एका मुलाला 'नाव काय रे तुझं?' विचारलं होतं. बू विगातींनी त्याला असं झाडलं की बिचारा आता मुलं आली की आकाशाकडे बघतो.

या नियमात मुरलेल्या आमच्या खोलीत जगद आला. आठ वर्षांचा, कान मोठे, पुढचा एक दात अर्धा. बापाच्या मोटरसायकलवर टाकीपाशी बसून गल्लीच्या टोकाला तेम्पे आणायला निघाला होता. बापाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, पोराच्या नव्हतं. गल्लीपुरतं कोण घालतं मुलाला हेल्मेट? आमच्याकडे तर कुणीच घालत नाही. वळणावर समोरून टेम्पो आला. बापाला खरचटलं. पोर कित्येक दिवस डोळे मिटून पडलं आणि उठलं तेव्हा त्याला स्वतःचं नावही माहीत नव्हतं.

बू विगातींनी सुरुवात नावापासून केली. खळग्यांचा लाकडी पाट आणि चिंचोके घेऊन त्या त्याच्यासमोर बसायच्या. "आता जगदची पाळी. जगदने चिंचोके उचलले. जगदने एकेक टाकला. जगद जिंकला!" जगद नेहमी जिंकायचा, कारण त्या नेहमी हरायच्या. सकाळपासून पडद्याच्या पलीकडून इतका जगद जगद ऐकू यायचा की एकदा घरी मी नवऱ्याला म्हटलं, "जगद, पाणी दे." हळूहळू पोर नावाला वळून बघायला लागलं. मग स्वतः म्हणायला लागलं. मग एक दिवस त्याने जाड शाईचं पेन घेऊन आमच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीवर ते वेड्यावाकड्या अक्षरांत लिहून टाकलं. केंद्राचे प्रमुख डॉक्टर प्रामुद्या यांनी ते पुसून घ्यायला माणूस पाठवला. बू विगाती भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी मला पुसा," म्हणाल्या.

आणि मग सगळं उलटं फिरलं.

जगदला हाक मारली की तो बघेना. पुन्हा मारली तर दचके आणि मागे वळून दाराकडे पाही, जणू दुसरंच कुणी आत येणार आहे. खेळात त्याची पाळी आली की हात मागे घेई. रडणं वाढलं. चावणं सुरू झालं, माझ्या मनगटावर अजून वळ आहे. डॉक्टर प्रामुद्या पडद्याशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "बू, प्रयत्न पुरेसे झाले. काही मुलं एका जागी येऊन थांबतात. जागा दुसऱ्या मुलाला देऊ या."

"नाही," बू विगाती म्हणाल्या.

"बू, आपण समजून घ्यायला हवं..."

"मी समजूनच घेते आहे. मेंदू असा एका आठवड्यात पाठ फिरवत नाही, डॉक्टर. कुणीतरी माझ्या पोराच्या डोक्यात लुडबूड केली आहे. ते कोण हे कळेपर्यंत त्याची जागा कुणाला मिळणार नाही. माझी खुर्ची हवी तर द्या."

त्या दिवशी त्यांनी चिंचोके काढलेच नाहीत. नुसत्या त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने जगदने आपणहून पाट ओढला, एक चिंचोका उचलला आणि त्यांच्या मुठीत ठेवला.

"जगद नाहीये," तो म्हणाला. "गेला."

मी पडद्याआडून डोकावले. बू विगातींनी मात्र आवाज बदलला नाही. "म्हणजे कुणीतरी असं सांगितलं वाटतं."

"म्बाह म्हणाली. जगद गेला. परत येणार नाही." आणि तो कुणी खरंच वारल्यासारखा मुसमुसून रडायला लागला. स्वतःच्याच नावाने रडत होतं हो ते लेकरू.

बाहेर बाकावर त्याची आई लास्मी बसली होती. बू विगातींना बघताच तिने सगळं सांगून टाकलं. तिच्या सासूने, म्हणजे जगदच्या आजीने, म्बाह कार्सिनेमने, नातवाचं नाव बदलायचं ठरवलं होतं. जगद म्हणजे सगळं जग. एवढं जड नाव एवढ्याशा पोराला पेललं नाही, म्हणून तो पडला. आता सलामेत ठेवायचं. सुखरूप. घरात आठवड्यापासून तीच हाक मारत होते. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर लाल-पांढरी खीर करून, शेजाऱ्यांना बसवून, गावच्या मशिदीतल्या मोदिनकडून प्रार्थना म्हणवून पक्कं करायचं होतं.

यात मला नवल काही नव्हतं. आमच्याकडे घरटी एखादं तरी नाव असं बदललेलं निघेल, माझ्या धाकट्या आत्याचंसुद्धा. पण या पोराचं नाव आम्ही एकेक चिंचोका टाकून परत आणलं होतं, आणि ही माणसं ते खिरीत बुडवायला निघाली होती.

"तू मला का नाही सांगितलंस?" बू विगातींनी विचारलं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात, बू."

"म्हणालेच असते!"

शुक्रवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, स्वतःच्या हाताने माझ्या हेल्मेटचा पट्टा आवळला आणि आम्ही न बोलावता त्या घरी गेलो. न बोलावता! जावामध्ये याहून मोठा उद्धटपणा नसेल. मागच्या अंगणात म्बाह कार्सिनेम चुलीवर खीर ढवळत होत्या. एका पातेल्यात नुसती पांढरी, दुसऱ्यात गुळाची लाल. बारीक चणीची म्हातारी, पण नजर अशी की कोंबड्यासुद्धा लांबून जात होत्या.

"या, या. आधी चहा घ्या," म्हातारी म्हणाली. पाहुण्याला हाकलायची आमची ही पद्धत.

"चहा नंतर. म्बाह, नाव बदलू नका."

पळी थांबली. "माझ्या भावाचं बदललं होतं. मरता मरता वाचला आणि पणतू बघून गेला. तुमच्या चिंचोक्यांनी पोर बरं होतं, आणि माझ्या खिरीने नाही होय? बरं आहे!"

"तुमच्या भावाचा मेंदू धड होता. दोन काय, चार नावं लक्षात ठेवली असती त्याने. याच्या डोक्यात कसंबसं हे एकच नाव बसलं आहे. तुम्ही त्याला सांगितलंत, जगद गेला. त्याने खरं मानलं. तो आमच्याकडे बसून जगदसाठी रडतो, म्बाह. स्वतःचं सुतक पाळतोय."

म्हातारीचा चेहरा हलला, पण क्षणभरच. "नाव जड होतं," ती म्हणाली. "जड होतं म्हणूनच हे झालं."

"नाव जड नव्हतं. गाडी जड होती आणि डोकं उघडं होतं."

बू विगाती हे बोलल्या आणि मला दिसलं की मागच्या दारात पंबुदी, जगदचा बाप, चटया खांद्यावर घेऊन उभा आहे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. म्हातारीनेही त्याला पाहिलं. तिने चुलीतलं लाकूड उगाचच मागे ओढलं आणि इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"हे मला माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? पण नावाचा दोष नसेल तर कुणाचा? सांगा ना. तो माझा मुलगा आहे. रात्र रात्र बसून असतो. नावावर ढकललं तर निदान जेवेल तरी."

मला वाटलं, आता बू विगाती नरमतील. मी तर केव्हाच नरमले होते. पण त्या पंबुदीकडे वळून सरळ म्हणाल्या, "तुझ्या मनावरचं ओझं मला दिसतं आहे. त्यासाठीही माझं दार उघडं आहे, हवं तेव्हा ये. पण ते तू पोराच्या डोक्यावर ठेवू नकोस. ते डोकं आधीच फुटलं आहे."

तो चटया घेऊन पुढच्या खोलीत गेला.

शेजारी जमायला लागले. पुरुषमंडळी मांडी घालून भिंतीकडेने बसली. मध्ये भाताचा उंच मनोरा, भोवती कोंबडी, अंडी, भाज्या आणि पुढे खिरीचे वाडगे. जगदला नवी टोपी घालून बापाच्या शेजारी बसवलं होतं. आम्ही दोघी आतल्या दारात बायकांच्या घोळक्यात उभ्या. बायका आमच्याकडे बघून गोड हसत होत्या, म्हणजे मनातून आम्हाला फाडून खात होत्या. बू विगाती हाताची घडी घालून उभ्या होत्या. "तो मोदिन नाव घेईल ना," त्या माझ्या कानात म्हणाल्या, "तेव्हा मी मध्ये बोलणार आहे. तुला लाज वाटत असेल तर आत्ताच स्कूटरवर जाऊन बस." लाज वाटत होतीच. पण मी गेले नाही.

मोदिनने घसा साफ केला. "आज आपण या घरातल्या एकाचं जुनं नाव उतरवून नवं नाव ठेवायला जमलो आहोत. सलामेत हे नाव..."

बू विगातींनी एक पाऊल पुढे टाकलं. पण त्यांच्याआधी पंबुदी बोलला.

"ते मला द्या."

मोदिनला कळेना. "काय द्या?"

"नाव. सलामेत. माझं ठेवा." त्याचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "आपल्यात मोठी माणसं नाव बदलतातच की. लग्नात बदलतात, संकटात बदलतात. गाडी मी चालवत होतो. हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं. उतरवायचं असेल तर माझं नाव उतरवा. पोराला नवं काही लक्षात ठेवायला नको, तो मला बाबाच म्हणतो."

शेजारी खिरीच्या वाडग्यांकडे बघायला लागले. असं उघड बोलायची आम्हाला सवयच नाही हो. आतल्या दारात म्बाह कार्सिनेमने पदर तोंडावर धरला. मग तीच म्हणाली, रडत रडत, पण खणखणीत, "खीर शिजली आहे, माणसं बसली आहेत. मोदिन, बघत काय बसलात? म्हणा की!"

मोदिनने प्रार्थना म्हटली. पंबुदीचा सलामेत झाला. शेजाऱ्यांनी 'आमीन' म्हटलं, आणि नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच म्हटलं.

सगळं निभावलं असं वाटत होतं, तेवढ्यात मोदिनला काय सुचलं कोण जाणे. खिरीचा वाडगा पोरापुढे सरकवत तो प्रेमाने वाकला. "आणि तुझं नाव काय रे, बाळा?"

बू विगाती किंचाळल्याच. "विचारू नका!" भाताचा मनोरा ओलांडून त्या पुढे धावल्या, एक अंडं लाथेने गडगडत गेलं. पण प्रश्न विचारून झाला होता. पोराने त्यांच्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, बोट लाल खिरीत बुडवून चाटलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, सलामेत. नाहीतर म्हणेल, गेला.

"जगद," तो म्हणाला, आणि वैतागून वाडगा आपल्याकडे ओढला. "किती वेळा सांगायचं?"