उन्हावरची डाळ

नव्वदच्या दशकात मी दुष्काळी भागातल्या कर्जतला शिक्षक होतो. धूर कमी व्हावा, सरपणासाठी बाभळी तुटू नयेत, म्हणून सरकारने तेव्हा सूर्यचुलीची योजना काढली होती. तिचा प्रचार करायला एक गृहस्थ आठवडे बाजारात यायचे. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. काळी पेटी मांडायची, झाकणातला आरसा धोतराच्या सोग्याने पुसायचा, डाळीचा डबा आत ठेवायचा आणि स्वतःही शेजारी उन्हातच बसायचं. डाळ शिजली की बघ्यांना प्रेमाने वाढायची. लोक खायचे, वाहवा करायचे, पण पेटी कुणी घेत नसे.

एका बाजाराच्या दिवशी भरदुपारी आभाळ भरून आलं आणि डाळ कच्चीच राहिली. लोक हसू लागले. मला त्या गृहस्थांचं वाईट वाटलं, पण ते मात्र हरखून वर बघत होते.

"येऊ द्या की ढग," ते मला म्हणाले. "आपल्या मुलखात ढगावर कुनी रुसतं व्हय, गुरुजी? डाळ काय, उद्या शिजंल."

शेजारी वांगी विकणाऱ्या मावशींना राहवलं नाही. त्यांनी डबा उचलून चहावाल्याच्या चुलीवर नेऊन ठेवला. बघता बघता डाळ शिजली.

"आरं, निम्मी तर उन्हानंच शिजली हुती!" मावशी नवलाने म्हणाल्या. "म्हंजे सरपन बी निम्मंच लागलं की. मला द्या एक पेटी."

गृहस्थ कपाळावर हात मारून पोटभर हसले आणि डाळीची पहिली वाटी त्यांनी मावशींपुढे धरली.