बोटीच्या ट्रॉलीला मारलेला रंग

पिंपळगाव राजाच्या रस्त्यावर आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. दारं, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, जे येईल ते करतो. जोडकाम नवऱ्याचं, रंगकाम माझं. मी पहिल्यांदा ब्रश हातात घेतला तेव्हा सासऱ्यांना ते आवडलं नव्हतं. पण माझ्या हातच्या रंगाला पोपडे येत नाहीत हे गिऱ्हाइकांना कळलं आणि घरातली कुरकुर थांबली.

त्या ट्रॉलीचा राग मात्र अजून निवळत नाही. चूक फक्त दुसऱ्याची असती, तर कधीच निवळला असता.

मे संपत आला होता. एका कचेरीतले बाबू जीपमागे बोट बांधून घेऊन आले. पुरात अडकलेली माणसं काढायची नारिंगी बोट. बोट चांगली होती. तिच्याखालची लोखंडी ट्रॉली मात्र वर्षभर उघड्यावर, गवतात उभी राहिलेली. चाकांच्या वरच्या आडव्या पाइपावर मी हातोडी मारून पाहिली. चांगलं लोखंड खणखणतं. हे नुसतं भद्द वाजलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो सरळ आत गेला आणि ओली, तपकिरी माती बाहेर आली. पाइप आतून सडला होता.

मी बाबूंना बोलावून दाखवलं. ते वाकलेही नाहीत. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. म्हणाले, "वहिनी, परवा तपासणी हाय. आता वरून रंग मारून द्या, बाकीचं पावसाळ्यानंतर पाहू."

पाइप कापल्याशिवाय मी ब्रश लावणार नाही, असं मी नवऱ्याला मागे नेऊन सांगितलं. तो म्हणाला, "आपल्याले रंगाचं काम देलं हाय, आपण रंगाचं करू." त्याने भोकात पुट्टी भरली. मग मीच त्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि निळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग असा बसला की भोक कुठे होतं ते मलाही सापडेना. बाबूंनी फोटो काढला. त्यात मी ट्रॉलीशेजारी उभी आहे आणि हसते आहे.

ऑगस्टमध्ये नदीला पूर आला. नदीकाठच्या शेतातल्या झोपडीत तिघं अडकली. आमच्या गल्लीत दर आठवड्याला मेथी-वांगी घेऊन येणारी भाजीवाली, तिचा नवरा आणि म्हातारी सासू. सकाळीच कचेरीतून त्यांना फोन गेला की बोट निघाली आहे, जागा सोडू नका. बोट खरंच निघाली होती. थोड्या अंतरावर एका गतिरोधकावर ट्रॉलीचा पाइप तुटला, नेमका पुट्टीच्या जागी. चाकं एकीकडे गेली, बोट डांबरावर आपटली आणि तिचा तळ फाटला.

दुसरी बोट येईपर्यंत झोपडी पडली होती. तिघं बाभळीवर चढून बसली. सुनेने सासूला स्वतःच्या लुगड्याने फांदीला बांधलं. शेवटी गावातल्या माणसांनीच ट्रॅक्टरच्या ट्यूब आणि दोर घेऊन त्यांना बाहेर काढलं. तिघं वाचली. म्हातारीचा हात मोडला, बकऱ्या वाहून गेल्या.

काही दिवसांनी भाजीवाली दुकानात आली. नव्या झोपडीला पत्र्याचं दार हवं होतं. तिच्या तळहातांवर दोराने सोललेली कातडी अजून भरली नव्हती. मी चहा दिला. ती सांगू लागली, "फोन आला म्हणून थांबलो. नाही तं पाणी कमराइतकं होतं तवाच निंगालो असतो."

हे मला सहन झालं नाही. ती ट्रॉली आम्हीच रंगवली होती, पाइप सडल्याचं मी पाहिलं होतं, सगळं तिला सांगितलं. तिने चहा खाली ठेवला.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

ती पिशवी उचलून निघून गेली. दार तिने दुसरीकडे करून घेतलं. आमच्या गल्लीत ती पुन्हा आली नाही.

पोळा झाल्यावर तीच ट्रॉली टेम्पोत घालून आली, सोबत तेच बाबू. म्हणाले, दोन पट्ट्या जोडा, रंग मारा. माझ्या अंगाची आग झाली. मी ग्राइंडर चालू केला आणि त्यांच्यासमोर तुटका पाइप उभा चिरला. आतून गंजाचे पापुद्रे आणि चिखल त्यांच्या बुटांवर पडला. ते मागे सरकले.

मी म्हणाले, "हात लावून पाहा. मांगच्या वेळी वाकले असते तं तवाच दिसलं असतं."

नवरा मध्ये पडला, गिऱ्हाइकाशी असं बोलतात का म्हणाला. त्यालाही मी सोडलं नाही. पुट्टी कोणी भरली आणि रंग कोणी मारला, हे दोन्ही मी बाबूंसमोर मोठ्याने सांगितलं. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी येण्याआधीच त्याने सगळे सडलेले पाइप कापून ठेवले होते.

नवे पाइप जोडल्यावर त्यात पाणी साचू नये म्हणून खालून भोकं पाडली. जुन्या लोखंडाचा गंज मी मशीनच्या तारेच्या ब्रशने घासला, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. कोपऱ्यांत मशीन जात नव्हतं, तिथे हाताने. मग थिनरने पुसून रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल अस्तराचे, दोन हात दिले. पाइपांच्या आतूनही तेच ओतलं. घासताना मी बाबूंना शिव्या देत होते, नवऱ्याला देत होते, आणि फोटोत हसणाऱ्या त्या बाईला सगळ्यात जास्त.

निळा रंग द्यायच्या आधीच तळ सांधलेली बोट टेम्पोतून दुकानात आली आणि तिच्यामागोमाग तपासणीचे साहेब आले. लालसर ट्रॉली पाहून रंग का नाही, असं त्यांनी विचारलं.

"रंग उद्या देऊ," मी म्हणाले. "आज लोखंड पाहून घ्या."

मी हातोडी पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. फोटोत हे बरं दिसणार नाही म्हणाले आणि पलीकडे जाऊन नुसत्या बोटीचा फोटो काढला. त्यांची गाडी निघेपर्यंत मी हातोडी धरून तशीच उभी होते. मग प्रत्येक जोडावर एकेक ठोका मीच मारून पाहिला. नवऱ्याने निळ्या रंगाचा डबा उघडला.

"आज नाही," मी त्याला म्हणाले. "अजून वाळलं नाही."

त्याने झाकण परत लावलं.