दलमा बेटाला प्रदक्षिणा

स्कॉटलंडला आम्ही गेलो नाही. स्वेटर घेतले होते, तरी गेलो नाही.

त्या वर्षी दुबईत मंदी आली. माझा मुलगा मिलिंद इमारती बांधणाऱ्या कंपनीत इंजिनियर. एक दिवस भरदुपारीच घरी आला, हातात मनी प्लँटची कुंडी. (कंपनीने नोकरी काढून घेतली, कुंडी परत दिली.) सुट्टीत स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर दिवसभर गाडीने निवांत भटकायचं, असा त्याचा आणि माझ्या सुनेचा, शिल्पाचा, बेत होता. त्या बेटाचं चित्र तिने फ्रिजला लावलेलं. समुद्र, एकच रस्ता आणि रस्त्यात मेंढ्या. बेत रद्द झाला, पण चित्र तिने काढलं नाही. दूध काढायला गेलं तरी मेंढ्या, दही ठेवायला गेलं तरी मेंढ्या!

महिन्याभरात दुसरी नोकरी मिळाली नाही तर व्हिसा खलास आणि सगळे पुण्याला. महिना संपत आला तेव्हा कुठे एक मुलाखत ठरली. आदल्या दिवशी घरात बसून मिलिंदने नखं खाल्ली असती, म्हणून शिल्पा म्हणाली, "आपण इथलंच बेट बघून येऊ. दलमा. बोटीत गाडी चढवतात. संध्याकाळच्या बोटीने परत."

"तिथे काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही आई. तेच तर बघायचंय."

काही नाही म्हणजे वॉचमनही नाही! डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बाल्कनीत रुमाल वाळत घातला तरी खालून फोन यायचा. एवढ्या उन्हाच्या देशात राहून मी सांडगे विकत आणत होते. बारा दिरहॅमची पुडी. म्हणजे दीडशे रुपये! सांडग्यांना! मी गुपचूप डाळ वाटली, कोहळा किसून घातला आणि डबा बर्फाच्या पेटीत तळाशी ठेवला.

बोटीवर माझ्या नातीने, सईने, पेटी उघडली. "आजी, व्हेअर इज माय जूस?"

"फ्रिजमध्ये."

"विच फ्रिज?"

"घरच्या."

मिलिंदने डब्याचं झाकण काढून वास घेतला. "आई, तू सांडग्यांचं पीठ आणलंस?"

"देश सुटतोय तर ऊन तरी वसूल करू."

"सुटतोय कुठे? उद्या मुलाखत आहे!"

"नोकरी मिळाली तर तळू. नाही मिळाली तर बांधून नेऊ."

दलमा बेट म्हणजे मधे एक बोडका डोंगर आणि भोवती रस्ता. मेंढ्यांच्या जागी बकऱ्या. बाकी हुबेहूब फ्रिजवरचं चित्र, फक्त भाजलेलं. शिल्पा खूश झाली. मोकळं मैदान बघून मी गाडी थांबवायला लावली. जुनं पांढरं लुगडं अंथरलं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि सांडगे घातले. सईने दोन घातले, ते लाडवाएवढे झाले. खूण म्हणून मी बाजूला उभी असलेली पांढरी पिकअप नीट बघून ठेवली. (हसू नका. पुढे येणारच आहे.)

निघताना मिलिंद डावीकडे वळू लागला.

"उजवीकडे घे. डोंगर उजव्या हाताला राहिला पाहिजे. प्रदक्षिणा उलटी घालत नाहीत."

"आई, तो देव नाहीये, डोंगर आहे."

"उद्या मुलाखत आहे ना? मग घे उजवीकडे."

घेतली. रमतगमत जाऊनसुद्धा बेट अर्ध्या तासात संपलं! दिवस तर अख्खा पडलेला. म्हणून पुन्हा फिरलो, मग पुन्हा. किनाऱ्यावर एक म्हातारा अरब जाळं विणत बसला होता. पहिल्या फेरीला त्याने हात केला. दुसऱ्या फेरीला उठून उभा राहिला. तिसऱ्या फेरीला त्याने आम्हाला थांबवलंच.

"अम्मा, फिर आया? किधर जाता है?"

"इधरच," मी म्हटलं.

त्याने चहा पाजला. नाव अबू रशीद. पोरवयात बापाबरोबर मोती विकायला मुंबईला यायचा म्हणे. "अम्मा, बंबई का ट्राम अभी चलता है?"

"बंद हो गया. कब का."

घरातलं माणूस गेल्यासारखं त्याचं तोंड झालं. परळला लहानपणी मीही ट्राममध्ये बसलेली. मग आम्ही दोघं ट्रामच्या घंटेची नक्कल करत बसलो. सईला वाटलं, उन्हाने आजी गेली कामातून. दुपार तिथेच सरली.

मिलिंद घड्याळाकडे बघत उठला. "चल आई, सांडगे उचलू आणि बोट गाठू."

निघालो. पिकअप जागेवर नव्हती!

खरं सांगायचं तर जागाच जागेवर नव्हती. जिकडेतिकडे तेच मैदान, त्याच बकऱ्या. आणि पांढऱ्या पिकअप म्हणाल तर दर घरापुढे एक. प्रत्येकीपाशी मी उतरले. लुगडं नाही. अख्खी फेरी झाली. अबू रशीदला विचारावं म्हटलं तर तोही जाळं टाकून गायब.

"सोड ना आई! सांडगेच आहेत!"

"लुगडंही आहे."

"बरं, उलटा वळून बघतो. त्या बाजूने दिसेल."

"खबरदार! दिवसभर सुलट्या घातल्या आणि मुलाखतीच्या तोंडावर उलटी?"

शिल्पा पुढे बघत म्हणाली, "मिलिंद, आईंचं ऐक. वाद घालण्यापेक्षा फेरी लवकर होते."

आणखी एक फेरी झाली. ती संपता संपता बोटीचा भोंगा वाजला. मिलिंदने गाडी अशी हाणली की सईचा लाडवाएवढा सांडगा पोटात असता तर बाहेर आला असता. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट निघाली होती. सईने तिला टाटा केला. दुसरी बोट उद्या.

मिलिंदने गाडी बंद करून चावी डॅशबोर्डवर टाकली. मी त्याला पाणी दिलं, सल्ला नाही. (मला हे क्वचित जमतं.)

इतक्यात मागून एक पांढरी पिकअप आली. खिडकीत अबू रशीद, मागे दोरीने ताणून बांधलेलं माझं लुगडं आणि त्यावर सांडगे! मैदानातली पिकअप त्याचीच होती, आम्ही निघाल्यावर तो ती घ्यायला गेलेला. "अम्मा! बकरी खाता था! मैं उठाया! इधर साडी कौन पहनता है? तुमको ढूंढता है, गोल गोल, गोल गोल!"

"पण आम्ही पण तुम्हाला, म्हणजे हम भी ढूंढता था!" मिलिंद म्हणाला.

"तुम हमेशा इधर से जाता, तो मैं भी इधर से. तुम आगे, मैं पीछे, बीच में पहाड़. एक बार उल्टा क्यों नहीं आया, हबीबी?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं. सईनेसुद्धा.

मिलिंदने तिथूनच मुलाखत घेणाऱ्या साहेबांना फोन लावला. त्या साहेबांनी त्या महिन्यात आजारपणं ऐकली असतील, अपघात ऐकले असतील. मिलिंदला खोटं सुचेना. तो इंग्रजीत म्हणाला, आईने बेटाला उलटी प्रदक्षिणा घालू दिली नाही, म्हणून बोट चुकली.  पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि परवाची वेळ मिळाली.

रात्री अबू रशीदच्या घरी राहिलो. त्याच्या बायकोने सांडगे मासळी समजून तळले आणि वर लिंबू पिळलं. अर्धे ओले होते, डिझेलचा वास येत होता. सगळ्यांनी पुन्हा मागून घेतले. असे सांडगे मला परत जमले नाहीत.

नोकरी मिळाली. साहेब हसले म्हणून, की तोवर दुसरं कोणी देशात उरलंच नव्हतं म्हणून, ते मला माहीत नाही. पगार अर्धा, त्यामुळे दुबई सोडून स्वस्तातल्या अजमानला जुन्या बिल्डिंगमध्ये आलो. शिल्पाने नव्या फ्रिजवर मेंढ्यांशेजारी दलमाच्या बकऱ्या लावल्या. वर मोठी गच्ची, दिवसभर ऊन, रोज ताटात सांडगे, आणि तिथला वॉचमन इतका भला की सांडग्यांना कधी नाही म्हणाला नाही.

नाही म्हणाले ते घरचे.